कुमानो कोदो: ताकिजिरीपासून नाचीच्या धबधब्यापर्यंत सहा दिवस

कुमानो कोदो या जपानमधल्या जुन्या तीर्थवाटेचं नियोजन मुक्कामापासून सुरू करावं लागतं. जपानच्या कीई द्वीपकल्पातल्या या डोंगरांत आपण चालणार त्या नाकाहेची या शाखेवरची सर्वांत उंच खिंड ८८३ मीटरची, म्हणजे कळसूबाईच्या निम्म्याहून थोडीच जास्त. सह्याद्रीत वर्षानुवर्षं फिरलेली माणसं आकडा पाहून ही वाट हलक्यात घेतात आणि तिसऱ्या दिवशी दुपारी घड्याळाकडे बघत धावू लागतात. इथे दम उंचीने निघत नाही. चढ-उतार संपत नाहीत, सुगी (जपानी देवदार) वृक्षांच्या दाट सावलीत दगड वाळत नाहीत, आणि दरीत अंधार लवकर पडतो. शिवाय ताकाहारा, चिकात्सुयु, कोगुची या वाड्यांत राहायच्या जागा मोजक्याच आहेत. एका वाडीत जागा नसली की दोन दिवसांची चाल एका दिवसात कोंबावी लागते, नाहीतर बसने दुसरीकडे मुक्काम करून सकाळी परत वाटेवर यावं लागतं. वाटेवर तंबू ठोकायची पद्धत नाही.

म्हणून आधी कोगुचीची जागा पक्की करा. तिथे पर्याय सर्वांत कमी आहेत. ती तारीख मिळाली की मागे-पुढे बाकीचे दिवस लावा. तानाबे शहराच्या पर्यटन कार्यालयाची इंग्रजीतून आरक्षण करायची सोय आहे. त्यावरच मुक्काम, दुपारचा डबा आणि सामान पुढच्या मुक्कामी पोचवणारी गाडी, तिन्ही ठरवता येतं. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चांगले महिने, पण त्यासाठी काही महिने आधी हात हलवावे लागतात. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात जपानी लोकांच्या सुट्ट्या असतात, ते दिवस टाळलेलेच बरे. जून ते जुलैमध्य पावसाचा हंगाम, आणि ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत वादळांची टांगती तलवार. कीई हा जपानमधल्या सर्वांत जास्त पावसाच्या भागांपैकी एक आहे. चांगल्या महिन्यातही सहापैकी एक-दोन दिवस भिजायचे, असं धरूनच निघावं.

सामान गाडीने पुढे पाठवलं तर पाठीवर पाच-सहा किलोंपेक्षा जास्त काही नको. दीड ते दोन लिटर पाणी, पावसाळी जाकीट आणि पँट, कोरड्या मोज्यांचा एक जोड, डोक्याला बांधायची विजेरी, फोडांसाठी चिकटपट्टी. बुटांचा तळ खोल खाचांचा आणि मऊ रबराचा हवा. घोट्यापर्यंतचे असले तर उत्तम, पण तळ गुळगुळीत झालेले जुने बूट आणू नका. शेवाळलेल्या फरशीवर त्यांचा काही उपयोग नाही. दोन काठ्या घ्याच. चढाला त्यांचा आधार असतो, पण खरी गरज उतारावर पडते, कारण या वाटेवर गुडघे उतरताना जातात. दगडी फरसबंदीवर मात्र काठीच्या लोखंडी टोकाला रबरी टोपी घाला. टोक सटकतं आणि शेकडो वर्षांच्या दगडांवर ओरखडेही पडतात. रोख येनही जवळ ठेवा, वाडीतल्या छोट्या दुकानात कार्ड चालेलच असं नाही.

पहिला दिवस: ताकिजिरी ते ताकाहारा, सुमारे ४ किमी

ओसाकाहून कीई-तानाबेपर्यंत रेल्वेने दोन तासांच्या आसपास लागतात, स्थानकाबाहेरून ताकिजिरीला बसने सुमारे चाळीस मिनिटं. सकाळी ओसाका सोडलं तर दुपारी चालायला सुरुवात करता येते. चार किलोमीटर म्हणजे तास-दीड तास, हा हिशेब इथे चालत नाही. अडीच तास धरा.

'ओजी' म्हणजे कुमानोच्या देवांची वाटेवरची उपदेवळं. पूर्वी त्यांना 'नव्याण्णव ओजी' म्हणत. नेमकी नव्याण्णव होती असं नाही, पुष्कळ होती एवढाच त्याचा अर्थ. ताकिजिरी हे त्यांतलं महत्त्वाचं ओजी, कारण इथून देवाचा डोंगर सुरू होतो. दोन नद्यांच्या संगमावर स्नान करून यात्रेकरू पुढे निघत. दहाव्या शतकापासून निवृत्त सम्राट लवाजम्यासह इथून गेले. गो-शिराकावा या सम्राटाने तर तिसाहून जास्त वाऱ्या केल्या. पुढे सामान्य लोक इतके येऊ लागले की 'कुमानोला मुंग्यांची रांग' असा वाक्प्रचारच पडला.

देवळाच्या मागून चढ लगेच सुरू होतो. पायऱ्या मुळ्यांच्याच आहेत. पाऊल मुळीवर ठेवायचं नाही, दोन मुळ्यांच्या मधल्या मातीत ठेवायचं. ओल्या मुळीची साल साबणासारखी निसटते आणि पहिल्या दिवशीच घोटा मुरगळण्याचं ते मुख्य कारण आहे. थोडं वर एक खडकाची कपार लागते, 'ताइनाई-कुगुरी', म्हणजे गर्भातून सरपटणं. आत अंधार, बाहेर पडायचं तोंड अरुंद. सॅक काढून आधी पुढे ढकलावी लागते. अंगाने भारी माणसाने हट्ट करू नये, बाजूने पायवाट आहे. शेजारीच 'चिचि-इवा', दुधाचा खडक: यात्रेत जन्मलेल्या बाळाला आईबापांनी इथे ठेवलं आणि परत येईपर्यंत खडकातून झिरपणाऱ्या दुधावर लांडग्याने त्याला जगवलं, अशी कथा सांगतात.

दर ५०० मीटरवर क्रमांकाचा लाकडी खांब आहे. ताकिजिरीपासून होंगूच्या, म्हणजे कुमानोच्या तीन मोठ्या देवस्थानांपैकी एकाच्या, देवळापर्यंत सुमारे ७५ खांब होतात. प्रत्येक खांबाशी वेळ टिपून ठेवा. पहिल्या दिवशीच आपला वेग कळतो: चढावर एका खांबाला बारा ते पंधरा मिनिटं, सपाटीला सात-आठ. तिसऱ्या दिवसाचं सगळं गणित या दोन आकड्यांवर बसतं. आणि अपघात झालाच तर ११९ वर फोन करून सर्वांत जवळच्या खांबाचा क्रमांक सांगायचा असतो. जंगलात काही ठिकाणी फोनला रेंज नसते, म्हणून एकटे चालणाऱ्यांनी मुक्कामी आपली वाट सांगून ठेवावी.

ताकाहाराला धुक्याचं गाव म्हणतात. सकाळी खालच्या दरीत ढग साचलेले आणि समोर डोंगरांच्या सहा-सात रांगा. इथलं कुमानोचं देऊळ छोटं, रंगीत आणि नाकाहेचीवरचं सर्वांत जुनं. भोवती कापराची जुनी प्रचंड झाडं.

दुसरा दिवस: ताकाहारा ते त्सुगिझाकुरा, सुमारे १३ किमी

सकाळचा चढ लांब पण सौम्य. उवादावा-जाया या जुन्या चहाघराच्या अवशेषांपाशी वाट साधारण ६९० मीटरवर पोचते, मग उतार. तेव्हाची चहाघरं आता नाहीत, फक्त जोती उरली आहेत, त्यामुळे खाणं-पाणी ताकाहाराहूनच घ्या. उताराच्या शेवटी बैल आणि घोडा अशा दोघांवर स्वार झालेल्या मुलाची लहानशी दगडी मूर्ती आहे, ग्यूबा-दोजी. हा काझान सम्राटाच्या यात्रेचा स्मारकदगड मानतात. पत्रकांवर फोटो इतका मोठा छापतात की प्रत्यक्षात ती शोधावी लागते.

चिकात्सुयु हे वाटेवरचं मोठं गाव. किराणा दुकान आहे, पुढच्या दोन दिवसांचा सुका खाऊ इथे भरा. बहुतेक जण इथेच थांबतात. जागा मिळत असेल तर थांबू नका, डांबरी रस्त्याने आणखी तीन-चार किलोमीटर त्सुगिझाकुरापर्यंत जा. डांबर पायाला रुचत नाही, पण उद्याच्या २५ किलोमीटरचे २१ होतात, आणि तो तासभर उद्या संध्याकाळी फार मोलाचा ठरतो.

त्सुगिझाकुराच्या ओजीजवळ प्रचंड सुगी वृक्ष उभे आहेत. त्यांच्या सगळ्या फांद्या एकाच बाजूला, नाचीच्या दिशेने वळलेल्या. सरकारने १९०६ मध्ये गावोगावची छोटी देवळं एकत्र करायचा हुकूम काढला. देऊळ गेलं की त्याची देवराई तोडायला मोकळी, हे उघड होतं, आणि या वाटेवरच्या कित्येक ओजींची झाडी तशीच गेली. तानाबेत राहणारे निसर्गशास्त्रज्ञ मिनाकाता कुमागुसु त्याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडले, तुरुंगातही गेले. इथली ही थोडी झाडं त्या झगड्यामुळे वाचली. खाली नोनाकाचा झरा आहे. बाटल्या तिथे भरून घ्या.

तिसरा दिवस: त्सुगिझाकुरा ते होंगू, सुमारे २१ किमी

सहाला निघा, फार तर साडेसहाला. घरमालकांना आदल्या संध्याकाळीच सांगा, ते न्याहारी डब्यात बांधून देतात.

वाराजी-तोगे ही पहिली मोठी खिंड. वाराजी म्हणजे पेंढ्याचे जोडे. झिजलेले जोडे इथे टाकून नवे चढवायचे, म्हणून हे नाव. आजही इथे पाच मिनिटं बसून मोजे बदलावेत. फोड ओल्या मोज्यांमुळे येतात, अंतरामुळे नाही, आणि पहिल्या दोन तासांतच पाय घामेजलेले असतात.

पुढे इवागामी खिंडीची मूळ वाट सप्टेंबर २०११ च्या वादळात दरड कोसळून बंद झाली. तेव्हापासून यात्रेकरू वळणवाटेने खाली उतरून पुन्हा चढतात. जुन्या नकाशात किंवा फोनमधल्या जुन्या रेषेत मूळ वाट दिसते, तिच्यामागे जाऊ नका. खांब आणि फलक सांगतील तेच खरं. या पट्ट्यात खांबांच्या क्रमांकांवरून अंतर काढलं तर ते कमी भरतं, कारण वळणवाट मूळ वाटेपेक्षा लांब आहे. बरेच जण दुपारी गोंधळतात ते यामुळे.

इथलं जंगल एकसारखं आहे. सुगी आणि हिनोकी या सूचिपर्णी वृक्षांची लावलेली, सरळसोट झाडं, खाली नेचे, पक्ष्यांचा आवाज कमी. याच एकसुरीपणात अकरा-बाराच्या सुमारास माणसं अचानक गळून जातात. कीईच्या डोंगरात याला 'हिदारुगामी' म्हणतात: भुकेने मेलेल्यांचा आत्मा वाटसरूला धरतो, हातापायातली ताकद जाते. उपाय एकच, तोंडात घासभर काही घालायचं. म्हणून जुने लोक डब्यातला शेवटचा घास राखून ठेवत. आजच्या भाषेत ही रक्तातली साखर उतरण्याची लक्षणं आहेत आणि उपायही तोच आहे. जेवणासाठी खिंडीची वाट बघू नका, दर तासाला मूठभर काही खात राहा. शेंगदाणे, चिक्की, खजूर उत्तम. स्थानिक उमेबोशी, म्हणजे मिठात खारवलेली आंबट उमे फळं, घातलेले भाताचे गोळे घामाने गेलेलं मीठ भरून काढतात.

शाकाहाऱ्यांनी एक गोष्ट आरक्षणातच स्पष्ट लिहावी. 'मांस नको' म्हटलं तर मासे येतात. 'मासे नको' म्हटलं तरी मिसो सूपात आणि शिजवलेल्या भाजीत 'दाशि' असते, सुकवलेल्या बोनिटो माशाचं पाणी. 'माशाची दाशिसुद्धा नको' असं लिहिलं तरच समुद्रशेवाळाच्या पाण्यात शिजवतील. अगदी लहान घरगुती मुक्कामांना ते जमत नाही, आणि ते तसं प्रामाणिकपणे कळवतात. अशा वेळी भात, लोणची आणि तोफूवर भागवायची तयारी असावी.

मिकोशि-तोगे ओलांडली की वाट ओढ्याच्या काठाने खाली येते आणि होश्शिनमोन-ओजी लागतं. होश्शिन म्हणजे बोधिचित्त जागं होणं, मोन म्हणजे दार. होंगूच्या पवित्र हद्दीचं हे बाहेरचं दार. इथे दुपारी अडीचच्या आत पोचलात तर चालत राहा, अजून सात किलोमीटर म्हणजे दोन-सव्वादोन तास आहेत. उशीर झाला असेल तर इथून होंगूला बस आहे. ती घ्या आणि हे सात किलोमीटर उद्या सकाळी ताज्या पायांनी चाला. नोव्हेंबरात पाचला सूर्य मावळतो आणि झाडीत त्याच्या आधीच दिसेनासं होतं.

होश्शिनमोननंतर चहाचे मळे, घरं, उघडं आकाश. फुशिओगामी-ओजी म्हणजे 'लोटांगणाचं' ओजी. इथून खाली नदीकाठचं जुनं देवस्थान पहिल्यांदा दिसतं. हजार वर्षांपूर्वीची कवयित्री इझुमी शिकिबु इथवर आली आणि तिला पाळी आली. आता दर्शन नाही, म्हणून तिने खंत करणारी कविता केली. त्या रात्री स्वप्नात देवाने कवितेतच उत्तर दिलं की तुला यायला काही अडचण नाही. कथा असेल, पण कुमानोने स्त्रिया, आजारी, अपंग कुणालाच अडवलं नाही ही या देवस्थानाची ओळख, आणि मुंग्यांची रांग लागली ती त्यामुळेच.

होंगूचं देऊळ १५८ पायऱ्यांवर आहे. ते मुळात खाली ओयुनोहारा नावाच्या नदीतल्या वाळवंटावर होतं. ऑगस्ट १८८९ च्या पुरात बरंचसं वाहून गेलं, वरच्या बाजूची झालेली जंगलतोड हे त्याचं एक कारण सांगतात. वाचलेल्या वास्तू १८९१ मध्ये टेकडीवर आणल्या. जुन्या जागी आता मोकळं मैदान आहे आणि त्याच्या तोंडाशी २००० साली उभारलेली ३३.९ मीटर उंचीची तोरी कमान. लोक कमानीचा फोटो काढून परततात. आत जा, मैदानात थोडा वेळ बसा.

चौथा दिवस: युनोमिने

आज पायांना सुट्टी. होंगूहून दाइनिचि-गोए नावाच्या डोंगरवाटेने युनोमिनेला दोन तासांत पोचता येतं. वाट छोटी, पण चढ खडा आहे. बसही आहे आणि गुडघे बोलत असतील तर बसच घ्या.

युनोमिने हे गरम झऱ्यांचं गाव. ओढ्याच्या पात्रातली त्सुबोयु ही लाकडी खोपटातली न्हाणी जागतिक वारशाचा भाग आहे, आणि त्यात प्रत्यक्ष उतरता येतं. एका वेळी दोन-तीन माणसं मावतात, अर्धा तास मिळतो. पाळीचा क्रमांक घेऊन थांबावं लागतं, म्हणून सकाळी लवकर किंवा जेवणाच्या वेळी जावं. पाणी फार कढत असतं, गार पाण्याचा नळ सोडून उतरा. साबण आत चालत नाही. जपानी न्हाणीत कपडे घालून उतरत नाहीत, याची मनाची तयारी आधीच ठेवा. शेजारी जवळपास ९० अंशांचा झरा आहे. दुकानातून जाळीच्या पिशवीत अंडी किंवा रताळी घेऊन तिथे लटकवायची. अंड्यांना दहा-पंधरा मिनिटं पुरतात, रताळ्यांना बराच जास्त वेळ लागतो.

पाचवा दिवस: उकेगावा ते कोगुची, सुमारे १३ किमी

आजची डोंगरवाट कोगुमोतोरी-गोए. बसने उकेगावापर्यंत, मग सुखाची चाल. ह्याक्केन-गुरा या मोकळ्या कड्यावरून दिसणाऱ्या रांगांना 'कुमानोची ३६०० शिखरं' म्हणतात. पाच तासांत कोगुची येतं. इथला एक मोठा निवास जुन्या शाळेच्या इमारतीत आहे. उद्याचा डबा आज संध्याकाळीच सांगून ठेवा, लवकर जेवा आणि आठला झोपा.

सहावा दिवस: कोगुची ते नाची, सुमारे १४.५ किमी

ओगुमोतोरी-गोए हा संपूर्ण वाटेवरचा सर्वांत कठीण दिवस. अंतर थोडं वाटतं, पण सात ते आठ तास लागतात. कोगुची समुद्रसपाटीपासून साठ-सत्तर मीटरवर आणि एचिझेन खिंड ८७० वर. मधले आठशे मीटर जवळजवळ सलग चढायचे.

पहिल्या तासात शेवाळाने मढलेला एक भलामोठा खडक लागतो, वारोदा-इशी. कुमानोचे तीन देव यावर बसून गप्पा मारतात म्हणे. खडकावर तीन अक्षरं कोरली आहेत आणि ती जपानी नाहीत. ती सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरं आहेत: अमिताभ, भैषज्यगुरू आणि अवलोकितेश्वर यांची. होंगू, हायातामा आणि नाची या तीन देवस्थानांची ही बौद्ध रूपं.

त्यानंतरच्या चढाचं नाव दोगिरी-झाका, 'धड तोडणारा चढ'. दगडी पायऱ्या उंच आणि असमान आहेत. इथे वेग ठरवायचा तो श्वासावर: बोलता येईल इतपतच चाला, दर खांबाशी एक मिनिट उभ्याने थांबा, बसू नका. पाऊस जोराचा असेल तर या चढावर पाणी पायऱ्यांवरून ओढ्यासारखं वाहतं. हवामान खात्याचा मुसळधार पावसाचा इशारा असेल तर हा दिवस सोडून द्या आणि बसने शिंगूमार्गे नाची गाठा. एचिझेननंतर लगेच उतार लागतो आणि तिथेच माणसं घसरतात, कारण मांड्या थरथरत असतात. उतरताना पावलं अर्धी करा. जिझो-जाया इथे आडोसा आहे, डबा तिथे खा.

मग फुनामी खिंड, नाव 'जहाजं दिसण्याची'. सहा दिवस डोंगर, डोंगर आणि अचानक खाली कात्सुउराचं बंदर आणि प्रशांत महासागर. या पट्ट्यात मरण पावलेली माणसं समोरून येताना भेटतात असा जुना समज आहे. धुक्यात, एकट्याने चालताना, तो का पडला असेल ते समजतं.

उतार थेट नाचीच्या देवळामागे येतो. शेजारी सेइगांतो-जी हे कान्नोनचं मंदिर, पश्चिम जपानच्या तेहतीस कान्नोन क्षेत्रांतलं पहिलं. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर. आख्यायिका सांगते की जहाज फुटून या किनाऱ्याला लागलेल्या एका भारतीय साधूने, राग्यो शोनिनने, धबधब्याखाली तप करून हे स्थान जागवलं. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात आणि औरंगाबादच्या सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर प्रवाशांना आठ भयांतून सोडवताना कोरला आहे, आणि त्यांतलं एक भय बुडतं जहाज आहे. ती शिल्पं पाहून आलेल्या मराठी माणसाला या कथेपाशी थोडं थांबावंसं वाटेल.

धबधबा १३३ मीटरचा. समोर देऊळ नाही, धबधबाच देव आहे. साडेचारच्या आत पोचा, आवार बंद होतं. पायांत त्राण उरलं असेल तर शेवटी दाइमोन-झाकाच्या २६७ पायऱ्या उतरून खालच्या थांब्यावर बस पकडा, नाहीतर वरूनच कीई-कात्सुउराची बस घ्या.

दुसऱ्या दिवशी गाडीला वेळ असेल तर नाची स्थानकाजवळच्या फुदाराकुसान-जी मंदिरात जा. फुदाराकु हे पोतलक या नावाचं जपानी रूप, दक्षिण भारतातला अवलोकितेश्वराचा डोंगर. नवव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत इथून भिक्षू एका होडीच्या खोलीत स्वतःला बंद करून घेऊन दक्षिणेकडे, त्या डोंगराकडे निघत. ते परतत नसत. तशीच एक होडी, चारी बाजूंना तोरी लावलेली, मंदिराच्या आवारात बांधून ठेवली आहे. पाहायला पाऊण तास पुरतो आणि स्थानक तिथून दोन-तीन मिनिटांवर आहे.